परसातली कोंबडी आणि नगरपंचायतीचा कायदा

(आष्टी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे. – संपादक)



आजच्या विषयपत्रिकेवर ऊसतोड कामगारांच्या मजुरीचा करार आहे, पीकविमा आहे आणि त्यांच्या पाठोपाठ परसातल्या कोंबड्या व नगरपंचायतीचे नियम हा माझा विषय आहे. तो वाचून काही साथींना हसू आले. हसण्याला माझी हरकत नाही. परंतु हसून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण जिला राज्यसंस्था म्हणतो ती गरीब बाईच्या दारात अर्थसंकल्प घेऊन कधी येत नाही. ती येते नोटीस घेऊन, आणि ती नोटीस बहुधा ओट्याबद्दल, सांडपाण्याबद्दल नाहीतर दारातल्या जनावराबद्दल असते. राज्यसंस्थेचे वर्गस्वरूप ग्रंथांतून समजून घेणे आवश्यकच आहे; पण ते अशा नोटिशीतूनही समजते, आणि जरा लवकर समजते.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. आष्टी हे तालुक्याचे ठिकाण असले तरी येथे वर्षानुवर्षे ग्रामपंचायत होती. २०१४ साली राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचे धोरण स्वीकारले, आणि त्या ओघात आपल्या जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज व वडवणी ही गावे कागदोपत्री शहरे झाली. माणसे तीच राहिली. त्यांची घरे, त्यांचे उकिरडे, त्यांची परसदारे तीच राहिली. संध्याकाळी दाणे टाकून कोंबड्यांना साद घालणाऱ्या बायाही त्याच राहिल्या. बदलला तो कायदा. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम गेला आणि १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू झाला. सरपंच गेला, नगराध्यक्ष आला. ग्रामसेवक गेला, मुख्याधिकारी आला. या बदलात सगळ्यांत मोठी जी गोष्ट हरवली तिच्याबद्दल कोणी शोकसभा घेतली नाही. ती गोष्ट म्हणजे ग्रामसभा. ग्रामसभा नीट चालत होती असे मी म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांच्या वहीतच भरत असे. तरीही मतदाराने उभे राहून 'हा नियम कोणी केला?' असे विचारण्याची ती एक कायदेशीर जागा होती. आता १७ नगरसेवक आणि एक मुख्याधिकारी ठरवतील ते धोरण. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तीत गाव हा पहिला खांब होता. आपण तो खांब काढून त्या जागी पाटी लावली आहे.

त्यातच २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगरहून आष्टीपर्यंत रेल्वेगाडी सुरू झाली. रेल्वे हवी होती, तिच्यासाठी या भागाने कित्येक वर्षे वाट पाहिली, त्यामुळे तिचे स्वागतच आहे. पण रेल्वेबरोबर जमिनीचे भाव येतात, भूखंडांच्या पाट्या येतात, नवी वसाहत येते, आणि नव्या वसाहतीला जुन्या वस्तीचा वास येऊ लागतो. हे देशातल्या प्रत्येक वाढत्या गावात घडले आहे. आष्टी त्याला अपवाद ठरेल असे समजण्याचे कारण नाही. म्हणून कोंबडीचा प्रश्न भांडण पेटण्याआधी समजून घ्यावा, एवढ्यासाठीच मी तो येथे मांडतो आहे.

परसातली कोंबडी म्हणजे नक्की काय, हे ज्यांच्या घरी ती आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. पण आपल्या चळवळीतले बरेच कार्यकर्ते आता पगारदार घरांतून येतात, म्हणून थोडे विस्ताराने बोलतो. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते सत्तर अंडी देते. दहाबारा अंड्यांचा एक वेत झाला की ती खुडूक बसते, एकवीस दिवसांनी पिल्ले काढते, ती वाढवते आणि मग पुन्हा अंड्यावर येते. पिंजऱ्यातली विलायती कोंबडी तीनशेच्या वर अंडी देते. या दोन आकड्यांची तुलना करून गावठी कोंबडी तोट्याची असे सांगणारे तज्ज्ञ आहेत. परंतु पिंजऱ्यातल्या कोंबडीला मका आणि सोयापेंड विकत आणून घालावी लागते. परसातली कोंबडी निवडलेल्या धान्याची कणी, शिळी भाकरी, उकिरड्यातले किडे, वाळवी आणि टोळ यांवर जगते. जे कोणाच्याच उपयोगाचे नाही त्याचे ती अन्न करते. तिच्यावर खर्च होतो तो एका डालग्याचा आणि थोड्या राखणीचा. घार, मुंगूस आणि बोका यांच्या तडाख्यातून पाचांतली दोन पिल्ले वाचली तरी बाईचे गणित जमते, कारण भांडवल गुंतलेलेच नसते.

बाईचे गणित असे मी जाणून म्हणतो. घरातली जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, बैल त्याचे, शेळी विकली तरी पैसे बहुधा त्याच्या खिशात. कोंबडी आणि अंडी यांचा पैसा मात्र जुन्या रिवाजाने बाईच्या पदराला बांधलेला असतो. चहा-साखर, मुलाची वही, दवाखान्याचे भाडे, माहेरी जाण्याचे तिकीट त्यातून निघते. आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळी झाली की धडधाकट जोडपी कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. मागे राहते म्हातारी आणि तिच्या स्वाधीन केलेली नातवंडे. मुकादमाची उचल आधीच खर्चून गेलेली असते. त्या सहा महिन्यांत त्या घरात रोज हाताशी येणारी वस्तू कोणती असेल तर ती अंडे. नातवाला खाऊ घालायचे की विकायचे, एवढाच प्रश्न म्हातारीपुढे असतो.

येथे शाळेतल्या अंड्याची आठवण होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा पैसा काढून घेतला आणि अंडी द्यायची असतील तर लोकसहभागातून द्या असे सांगितले. वर्षाचा खर्च पन्नास कोटींच्या घरातला. तेवढाही सरकारला झेपला नाही. सरकारचे अंडे असे गेल्यावर परसातल्या अंड्याचे मोल आपोआप वाढते. आणि लोकसहभाग म्हणायचाच तर दारात कोंबडी पाळणारी आजी तो करतेच आहे. तिला निदान आडवू तरी नये.

आता कायदा. साथी विचारतात, नगरपंचायतीच्या हद्दीत कोंबडी पाळणे बेकायदा आहे काय? १९६५ च्या अधिनियमात घरगुती कोंबडीवर सरसकट बंदी घालणारे कलम नाही. त्यात आरोग्य, स्वच्छता आणि उपद्रव यांबाबत नगरपंचायतीला व्यापक अधिकार आहेत, आणि उपविधी करण्याचा अधिकार आहे. उपविधी हे असे हत्यार आहे की ते एका गावात कोंबडीला मोकळीक देते आणि शेजारच्या गावात तिला हद्दपार करते. गुरांसाठी १९७६ सालचा स्वतंत्र कायदा आहे, नागरी क्षेत्रात गुरे पाळण्यावर व त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा. त्याचे नाव सांगून कोंबडीवालीला दरडावले तर तिने घाबरू नये. तो गुरांचा कायदा आहे. मांस कापून विकणे हा परवान्याचा निराळा विषय आहे. त्याची आणि पाळण्याची गल्लत होऊ देऊ नये. उद्योग म्हणून कुक्कुटपालन करणाऱ्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सगळ्यांत लहान कुक्कुटगृहाची मोजणी सुरू होते ती ५,००० पक्ष्यांपासून. म्हणजे ज्या यंत्रणेचे कामच प्रदूषण मोजण्याचे आहे तिच्या हिशेबात पाच कोंबड्यांची बाई बसतच नाही. तिला हिशेबात धरतो तो शेजारी, आणि शेजाऱ्याच्या तक्रारीवरून आलेला शिपाई.

शिपाई तोंडी दम देतो. खरा कायदा येथे संपतो आणि खरी सत्ता येथून सुरू होते. लेखी नोटिशीला उत्तर देता येते, तिच्यावर दाद मागता येते. तोंडी दमाला उत्तर नसते. त्याची किंमत असते, आणि ती कधी दोन अंडी असते, कधी एक कोंबडा. म्हणून आपल्या कार्यकर्त्याने शिकवायची पहिली गोष्ट ही की नोटीस लेखी मागा. कोणता उपविधी, कोणते कलम, कोणत्या तारखेला मंजूर झाला, हे विचारा. उपविधी असेल तर तो जाहीर करून हरकती मागवून व वरची मंजुरी घेऊन झालेला असला पाहिजे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे; त्याचा उपयोग मोठ्या घोटाळ्यांसाठीच करावा असा काही दंडक नाही.

उपद्रव या शब्दाबद्दल थोडे अधिक बोलणे भाग आहे, कारण सगळी तक्रार त्या एका शब्दावर उभी राहते. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ ने होता. १ जुलै २०२४ पासून तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. हे कलम गरिबावर चालते असा आपला अनुभव. पण त्याच कलमाचा एक इतिहास कार्यकर्त्याला ठाऊक असावा. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात उघडी गटारे, दारूच्या कारखान्याचे घाण पाणी आणि शौचालयांचा अभाव यांनी त्रस्त झालेल्या रहिवाशांनी हेच कलम नगरपालिकेवर लावले. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसा नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैसा नाही ही सबब नगरपालिकेला आपले कर्तव्य टाळण्यासाठी सांगता येणार नाही. मथितार्थ असा की उपद्रव मोजायचाच तर सगळ्यांचा मोजा. ज्या गल्लीत नाली बांधलेली नाही, कचऱ्याची गाडी येत नाही, तेथे कोंबडीच्या विष्ठेची तक्रार घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याला आपण रतलामचा निकाल वाचून दाखवला पाहिजे. आधी नाली, मग कोंबडी!

१९८५ चा मुंबईतील पदपथवासीयांचा निकालही आपल्याला माहीत आहे. त्यात न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे मान्य केले, आणि तरीही रीतसर नोटीस देऊन उठवण्याची मुभा महापालिकेला ठेवली. कोर्टाकडून तत्त्व मिळते, छप्पर मिळतेच असे नाही. कोंबडीच्या बाबतीत कोर्टापर्यंत जाण्याची वेळ आपण येऊ देता कामा नये. हे भांडण नगरपंचायतीच्या सभागृहातच जिंकण्यासारखे आहे.

तक्रार कोण करतो, हेही पाहिले पाहिजे. काही तक्रारी खऱ्या असतात. त्यांच्याकडे मी वळतोच. पण काही तक्रारींत स्वच्छतेच्या भाषेच्या आड जात बसलेली असते. 'त्यांच्या कोंबड्या आमच्या अंगणात येतात' या वाक्यातला राग पुष्कळदा 'कोंबड्या' या शब्दावर नसून 'त्यांच्या' या शब्दावर असतो. ज्या घरात अंडे शिजते ते घर आपल्या शेजारी नको, ही भावना शहरांत सोसायट्यांच्या नियमांतून व्यक्त होते आणि लहान गावात नगरपंचायतीच्या तक्रार अर्जातून. २०१६ पासून स्वच्छतेची सर्वेक्षणे आणि गावांचे क्रमांक सुरू झाल्यापासून या भावनेला सरकारी शिक्का मिळण्याची सोय झाली आहे. गाव स्वच्छ झाले पाहिजे, याबद्दल समाजवाद्याला दुमत असण्याचे कारण नाही. संडास, नाली, पाणी यांच्यासाठी आपण मोर्चे काढले आहेत. परंतु गरीब दिसेनासा झाला म्हणजे गाव स्वच्छ झाले, ही स्वच्छतेची व्याख्या आपल्याला मान्य होणार नाही.

आता खऱ्या तक्रारी. आपल्या माणसाची बाजू घेताना त्याच्या घाणीची बाजू घेण्याची सवय चळवळीला लागता कामा नये. एका खोलीच्या घरात रात्री कोंबड्या पलंगाखाली डालल्या जातात, त्याच खोलीत तान्हे मूल रांगते. विष्ठेने भरलेले हात तोंडात जातात, जुलाब होतात. पाण्याच्या हंड्यावर कोंबडी चढते. उकिरडा विहिरीच्या कडेला असतो. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकून दिली जाते. शेजाऱ्याच्या वाफ्यातली मेथी उकरली जाते आणि त्यावरून दोन घरांचे बोलणे वर्षभर बंद होते. हे सगळे खरे आहे, आणि यातला बराचसा त्रास भोगणारा शेजारीही गरीबच असतो. त्याला भांडवलदारांचा हस्तक ठरवून प्रश्न सुटत नाही.

रोगाचा प्रश्न याहून मोठा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला सापडला. तेथील मोठमोठ्या कुक्कुटगृहांतील लाखो पक्षी मारावे लागले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तो गावांतल्या घरगुती कोंबड्यांत निघाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, तेव्हा मराठवाड्यात सगळीकडे भीती पसरली. म्हणून 'रोग मोठ्या शेडांतच होतो, परसातली कोंबडी निरोगी' असे बेधडक विधान कोणी व्यासपीठावरून करू नये. मात्र एका शेडमध्ये हजारो पक्षी कोंबले की आग लागल्यासारखा रोग पसरतो, आणि तेथून गाड्या, खाद्याची पोती व माणसे यांच्याबरोबर तो दूर जातो, हे नवापूरने दाखवले आहे. तेथे २०२१ साली तो पुन्हा आला.

साथ आली की एक किलोमीटर परिघातले सगळे पक्षी मारायचे, असा नियम आहे. नियमामागचे शास्त्र समजण्यासारखे आहे. न समजण्यासारखी आहे ती भरपाईची पद्धत. सरकारने मारलेल्या पक्ष्याची भरपाई मिळते. २०२१ साली अंडी देणाऱ्या मोठ्या पक्ष्याचा दर ९० रुपये होता. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याची भरपाई नाही. याचा परिणाम काय होतो ते पाहा. ज्या बाईने पहिली कोंबडी मेल्याबरोबर दवाखान्यात कळवावे असे आपल्याला वाटते, तिला कळवण्यात काहीच फायदा नाही. आणि कोंबड्या पाळणेच जर बेकायदा ठरवले असेल तर कळवण्यात धोकाही आहे. ती गुपचूप मेलेली कोंबडी पुरते आणि उरलेल्या मिळेल त्या भावाला विकून टाकते. रोग पुढच्या बाजारात पोहोचतो. बंदी घातल्याने कोंबड्या नाहीशा होत नाहीत, त्या लपतात; आणि लपलेल्या कोंबडीला लस टोचता येत नाही. आरोग्याच्या नावाने जे बंदी मागतात त्यांना आपला पहिला सवाल हा असला पाहिजे.

सरकारचे कुक्कुटविषयक धोरणही याच तराजूत घालून पाहा. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून थोडे अधिक कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यांपैकी परसातले सुमारे ३१.७ कोटी, २०१२ च्या तुलनेत त्यांच्यात ४५.८ टक्के वाढ झाली, तर व्यापारी शेडांतल्या पक्ष्यांत अवघी साडेचार टक्के. परसातली कोंबडी हे मागासलेपणाचे मरणारे अवशेष आहे, असे मानणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. आणि सरकार काय करते? राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत २५ तलंगा आणि ३ नर अर्ध्या किमतीत देण्याची सोय ठेवली गेली. ही योजना चांगली, तिचा लाभ थोड्यांना मिळाला. २०२१ नंतरच्या राष्ट्रीय पशुधन अभियानाने मात्र ग्रामीण कुक्कुटपालनासाठी भांडवली अनुदान दिले ते किमान १,००० माद्यांचे केंद्र काढणाऱ्याला, पन्नास टक्के, २५ लाखांपर्यंत. ज्याच्याकडे जमीन, तारण आणि बँकेची ओळख आहे त्याला ग्रामीण म्हणायचे आणि पाच कोंबड्यांवाल्या बाईला उपद्रव! फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आणली, तीत रोजगार हमीच्या कामातून कोंबड्यांसाठी पक्के शेड बांधून देण्याची तरतूद होती. पण योजनेच्या नावातच ग्राम आहे आणि केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा ग्रामीण भागापुरता होता. म्हणजे आष्टीच्या हद्दीबाहेरच्या खेड्यात कोंबडीचे घर बांधायला सरकार पैसे देणार, आणि हद्दीच्या दगडाच्या आत तीच कोंबडी तक्रारीचा विषय होणार. दगडाच्या दोन्ही बाजूंची गरिबी सारखीच आहे.

जगात याचा विचार झालेला नाही असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंड्यांचे रेशनिंग होते. घरी कोंबड्या पाळणाऱ्यांनी अंड्यांचे रेशन सोडून दिले तर त्या बदल्यात त्यांना कोंबड्यांचे खाद्य मिळे. युद्धानंतर अ‍ॅटली यांचे मजूर पक्षाचे सरकार असताना १९५० साली तेथे कायदा झाला. भाडेपट्टीत काहीही लिहिलेले असो, नगरपालिकेने वा जमीनमालकाने दिलेल्या भाजीच्या वाफ्यावर माणसाला व्यापारासाठी नव्हे तर घरच्यासाठी कोंबड्या आणि ससे पाळता येतील, असे तो कायदा म्हणतो. आरोग्याला अपाय वा शेजाऱ्याला उपद्रव मात्र होता कामा नये. लक्षात घ्या, कोंबडीचा हक्क जमीनमालकाच्या करारापेक्षा वरचा ठरवणारा हा कायदा कामगारांच्या पक्षाच्या कारकिर्दीतला आहे. त्या पक्षाला हा विषय क्षुल्लक वाटला नाही.

त्या कायद्यात कोंबड्यांना परवानगी आहे, कोंबड्याला नाही. कोंबडा हे प्रकरण जरा निराळेच. २०१९ साली पुण्यात सोमवार पेठेत पहाटेच्या आरवण्याने झोपमोड होते म्हणून एका बाईने पोलिसांत तक्रार दिली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ओलेरॉन नावाच्या बेटावरच्या एका कोंबड्याचा खटला न्यायालयात गेला आणि कोंबडा जिंकला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये फ्रेंच संसदेने खेड्यातले आवाज व वास यांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदाच केला. आपण इतके पुढे जाण्याची आवश्यकता नाही. पिल्ले हवीत तर कोंबडा हवा, पण प्रत्येक घरी नको. एका गल्लीत एक पुरतो. रात्री तो अंधाऱ्या, बंद खुराड्यात ठेवला तर उशिरा आरवतो. कोंबडे झाकल्याने सूर्य उगवायचा राहत नाही, हे खरे. शेजाऱ्याची झोप मात्र अर्धा तास वाढते.

यावरून आपली मागणी काय असावी? 'कोंबडीला हात लावाल तर याद राखा' ही घोषणा टाळ्या घेईल, पण ती मागणी नव्हे. नगरपंचायतीने लेखी उपविधी करावा आणि त्यात घरगुती कोंबडीला स्पष्ट मान्यता द्यावी, अशी आपली मागणी असली पाहिजे. दहा मोठ्या कोंबड्यांपर्यंत ना परवाना, ना शुल्क. कारण परवाना आला की खिडकी आली, खिडकीमागे बाबू आला आणि बाबूमागे दलाल आला. रात्री कोंबड्या माणसांच्या खोलीत नव्हेत तर खुराड्यात राहतील. खुराडे शेजाऱ्याच्या भिंतीला आणि पिण्याच्या पाण्याला खेटून नसेल. विष्ठा खड्ड्यात राखेबरोबर कुजवली जाईल, तिचे खत परसातल्या वांग्या-मिरचीला सोन्यासारखे होते. मेलेला पक्षी खोल पुरला जाईल आणि एकाच वेळी अनेक पक्षी दगावले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवले जाईल. या अटी आपण होऊन घालून घ्याव्यात. तक्रार आल्यास पंधरा दिवसांची लेखी मुदत मिळावी, आणि कोंबड्या जप्त करण्याचा अधिकार कोणा शिपायाला नसावा. या उपविधीचा मसुदा मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर तयार होऊ न देता सतराही प्रभागांत बायांच्या बैठका घेऊन तयार करावा. ग्रामसभा कायद्याने गेली असली तरी ती भरवायला आपल्याला कोणी मज्जाव केलेला नाही.

उपविधी व्हायला वेळ लागेल. तोवर एक काम लगेच करता येते. गावठी कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू बर्ड फ्लू नाही, मानमोडी आहे. दवाखान्यात तिला राणीखेत म्हणतात. दरवर्षी ती येते आणि आठ दिवसांत गल्ली रिकामी करते. तिच्यावर लस आहे, स्वस्त आहे. पिल्लू आठवड्याचे झाले की डोळ्यात वा नाकात एक थेंब, आणि दोन महिन्यांनी टोचणी. तरीही ती परसातल्या कोंबडीपर्यंत पोहोचत नाही, याचे कारण अगदी साधे आहे. लसीची लहानातली लहान कुपी शंभर पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या बाईने शंभराची कुपी घेऊन करायचे काय? एकटीला हे अशक्य आहे. वीस जणींनी एका सकाळी ठरवले तर सोपे आहे.

तेव्हा प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गल्लीतल्या घरांची यादी करावी: कोणाकडे किती मोठ्या कोंबड्या, किती पिल्ले, खुराडे आहे की नाही. नावांपुढे जात किंवा पक्ष लिहू नये. यादीतली पाखरे शंभर भरली की पशुवैद्यकीय दवाखान्यात अर्ज द्यावा, बर्फाचा डबा आपण न्यावा आणि सकाळी सहाच्या आत, कोंबड्या सुटण्यापूर्वी, गल्लीत हजर राहावे. ज्या शेजाऱ्याची तक्रार आहे त्यालाही बोलवावे. डबा धरायला एक माणूस लागतोच.